अर्ध्या आलेखाचे मार्क

माझी ताई बीजगणितात दोनदा नापास झाली आणि ते मला कळलं भाजीच्या गाड्यासमोर. अठरा वर्षं मी शाळेत गणित शिकवते. सख्खी बहीण. आणि मला सांगतं कोण, तर तिच्या कारखान्यात बटणं लावणारी बाई. "तुमच्या ताईंचं परत राहिलं हो गणित," असं म्हणाली आणि निवांत टोमॅटो निवडायला लागली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तोलून झालेले बटाटे तिथेच टाकून मी थेट ताईचं घर गाठलं.

ताई दारात चपला काढत होती. नुकतीच कामावरून आलेली, केसांत कापडाचे तंतू. मी आत पाऊलही न टाकता विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडतेस," ती म्हणाली.

"मी ओरडत नाही," मी ओरडले.

आत भावोजी पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर जरासा वर धरला, तोंड झाकेल इतका.

माझ्या नाकावर राग असतो हे मला माहीत आहे. शाळेतली पोरं मागून मला ठिणगी म्हणतात, तेही माहीत आहे. पण त्या दिवशीचा राग साधा नव्हता. पन्नाशीला आलेली बाई सहा महिने पोराटोरांच्या क्लासात शेवटच्या बाकावर जाऊन बसते, नापास होते, पुन्हा बसते, पुन्हा नापास होते, आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बहिणीला एका शब्दाने विचारत नाही. आता याला काय म्हणायचं?

ताई कोण आहे ते आधी सांगते, नाहीतर माझा राग नुसता आरडाओरडा वाटेल.

ताई दवाखान्याचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगमास्तर आहे. डॉक्टरांचे कोट, नर्सचे गणवेश, पेशंटला घालतात ते मागून बंद बांधायचे झगे. एका लांबच लांब टेबलावर कापडाचे साठ थर अंथरतात, वरच्या थरावर ताई खडूने आखते आणि मग विजेवर चालणारी कातर त्या साठ थरांतून एकदम फिरते. खडूची रेघ बोटभर चुकली की साठ कोट गेले. अकरा वर्षं ती त्या टेबलाची मुख्य आहे आणि अकरा वर्षांत तिच्या रेघेने एकही गठ्ठा वाया गेलेला नाही. मोठी बाही कुठे, खिसा कुठे, कॉलर कशी तिरकी घातली की चिंधी कमी निघेल, हे ती कापडाकडे बघत उभ्या उभ्या ठरवते. माणूस समोर आला की टेप न लावता छाती सांगते. मला दर वेळी दारात बघून पहिलं वाक्य हेच, "दोन बोटं वाढलीस गं."

आणि दोन वर्षांपूर्वी कारखान्यात एक नवे साहेब आले. काखेत कायम फाईल, म्हणून बायकांनी त्यांचं नाव फाईलसाहेब ठेवलं. त्यांनी आल्या आल्या भिंतीवर कागद चिकटवला. यापुढे प्रत्येक टेबलाचा मुख्य शाळेची शेवटची परीक्षा पास असलेलाच हवा. जे नाहीत त्यांनी दोन वर्षांत, येत्या जूनच्या एक तारखेच्या आत, पास व्हावं. नाहीतर टेबल दुसऱ्याकडे. ताईचं टेबल जाणार होतं तिच्याच हाताखाली तीन वर्षं खडू धरायला शिकलेल्या एका पोरीकडे. पोरगी वाईट नाही. पण तिला अजून मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, गोलाई जमत नाही. प्रत्येक वेळी ती ताईलाच हाक मारते.

आणि ताई शाळा पास का नाही, तर माझ्यामुळे. कोणी तसं म्हणत नाही, पण खरं तेच आहे. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई चौदा वर्षांची होती आणि मी सहाची. घरात एक जण शाळेत जाऊ शकत होता. ताई शिवणाच्या मशीनवर बसली आणि मी शाळेत गेले. पुढे मी गणितात पहिली वगैरे आले तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तिची कोणी थोपटली नाही, मीसुद्धा नाही.

तर बाकीचे सगळे विषय ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. राहिलं होतं फक्त बीजगणित. पहिल्यांदा एकोणीस, दुसऱ्यांदा सत्तावीस. पास व्हायला पस्तीस लागतात. मार्चची परीक्षा हा तिसरा आणि शेवटचा डाव. हातात पाच महिने होते.

"उद्यापासून मी शिकवणार," मी म्हणाले. "आणि ओरडणार नाही."

पेपरामागून भावोजी खोकले.

पहिल्याच संध्याकाळी मी ओरडले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडली आणि अगदी सोपं समीकरण घातलं. तीन, कंसात एक्स वजा दोन, बरोबर दोन एक्स अधिक पाच. ताईने त्याच्याकडे कापडाकडे बघतात तसं डोकं तिरकं करून बघितलं आणि म्हणाली, "अकरा."

"अकरा कसे?"

"आलेच ना अकरा? बरोबर आहे की नाही तेवढं सांग."

"बरोबर आहे, पण पायऱ्या कुठे आहेत?"

"पायऱ्या कशाला? अकरातून दोन गेले नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. इकडे अकरा दुणे बावीस आणि पाच सत्तावीस. बसलं ना मापात?"

"ताई, पेपरात नुसतं अकरा लिहिलंस तर भोपळा मिळेल. पायरीला मार्क असतात. कंस सोडवला त्याचा एक, एक्स एका बाजूला घेतले त्याचा एक, उत्तराचा एक. तपासणाऱ्याला तुझ्या डोक्यात शिरता येत नाही."

"मग त्याने विचारावं," ती म्हणाली.

मी वही आपटली. भावोजी आतून म्हणाले, "भांडू नका गं दोघी, एक्स काही पळून जात नाही."

मग मी पायऱ्या घातल्या. कंस सोडव, तीन एक्स वजा सहा बरोबर दोन एक्स अधिक पाच. आता हे दोन एक्स पलीकडून अलीकडे आण, चिन्ह बदलेल, वजा दोन एक्स होतील. ताईचं बोट तिथेच थांबलं. "का बदलेल?"

"पलीकडून अलीकडे आलं की चिन्ह बदलतं."

"हो, पण का?"

अठरा वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं असेल तर मी त्याला खाली बसवलं असेल. माझ्या तोंडून निघालं, "नियम आहे." ताई माझ्याकडे बघत राहिली. फाईलसाहेबांच्या कागदाकडेही ती अशीच बघत असणार. मला माझीच लाज वाटली आणि लाज वाटली की मी आणखी चिडते. मी म्हणाले, "हे बघ, दोन्ही बाजू सारख्या आहेत. दोन्हीकडून दोन एक्स काढून टाक. सारखंच काढलं तर सारखंच उरेल."

"अगं मग असं सांग ना," ती म्हणाली. "दोन्ही बाह्यांतून सारखंच कापायचं. चिन्ह बदलतं, चिन्ह बदलतं, काय लावलंयस मघापासून."

त्या दिवसानंतर समीकरणं तिने सरळ रेषेत कापली. प्रत्येक पायरीपुढे ती बारीक अक्षरात लिहायची, दोन्हीकडून सहा, दोन्हीकडून भागिले तीन. मला ते लिहिणं आवडायचं, पण मी ते बोलून दाखवलं नाही.

उणे संख्यांनी आठवडा खाल्ला. "टेपला उणे नसतं," हे तिचं पालुपद. "माझी टेप शून्यापासून सुरू होते. शून्याच्या आधी धातूची पट्टी असते." मी डोकं धरलं. शेवटी तिनेच तोड काढली. ट्रायलला कोट घातला आणि दोन बोटं आत घ्यावी लागली तर ते उणे दोन, दोन बोटं सोडावी लागली तर अधिक दोन. चार बोटं सोडलीस आणि सहा आत घेतलीस तर कोट कसा होईल, मी विचारलं. "दोन बोटं घट्ट," ती म्हणाली, "आणि ज्याने ट्रायल घेतली त्याला हाकलून द्या."

आलेख सुरू झाले तेव्हा मात्र माझा तोल सुटला. एक्स अधिक वाय बरोबर सात, आणि दोन एक्स वजा वाय बरोबर दोन. तक्ता केला, बिंदू घेतले. शून्य-सात, तीन-चार, सात-शून्य. दुसऱ्या रेषेसाठी शून्य-उणे दोन, एक-शून्य, तीन-चार. बिंदू असे टोकदार की छापल्यासारखे. मग तिने पट्टी ठेवून रेघ ओढली आणि रेघ एकाही बिंदूतून गेली नाही. सगळ्या बिंदूंच्या बाहेरून, अर्धा सेंटीमीटर सोडून गेली. दोन्ही रेषा तशाच.

"हे काय आहे?"

"शिलाईपुरतं जास्तीचं धरलं," ती म्हणाली. आणि मग तिलाच हसू आलं. "सवय गं. मापावर कोणी कापतं का?"

मला हसू यायला हवं होतं. पण परीक्षेला सात आठवडे उरले होते, त्या दिवशी शाळेत दोन तास जास्तीचे घेऊन मी आले होते, आणि मी बोलून गेले. "हा कारखाना नाहीये. तुझं डोकं त्या टेबलावर ठेवून येत जा."

ताईने खोडरबर घेतलं, दोन्ही रेघा पुसल्या, बिंदूंतून पुन्हा ओढल्या, छेदबिंदूवर गोल केला, बाजूला लिहिलं तीन, चार. वही मिटली. पुढचे चार दिवस ती म्हणाली जास्तीचं काम आहे. पाचव्या दिवशी मीच गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं." ती म्हणाली, "चहा घे." आमच्यात माफी एवढीच असते.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण याच ठिकाणी मी माती खाल्ली.

परीक्षेत शेवटच्या भागात चार मार्कांचा एक आलेख असतो, सरळ रेषेचा नाही, वळणाचा. मी ठरवलं होतं तो सोडून द्यायचा. पण रविवारी सकाळी वेळ होता म्हणून सहज काढून दाखवला. वाय बरोबर एक्सचा वर्ग वजा चार. एक्स उणे तीनपासून तीनपर्यंत, सात बिंदू. पाच, शून्य, उणे तीन, उणे चार, उणे तीन, शून्य, पाच. बिंदू हाताने जोडले. ताई खुर्चीत पुढे सरकली.

"अगं, हा तर गळा आहे."

"काय?"

"गळा. कोटाचा नाही, पेशंटच्या झग्याचा. जरा खोल आहे, पण गळाच." तिने मधल्या उभ्या अक्षावर बोट ठेवलं. "इथे घडी."

मी इतकी खूश झाले की काय सांगू. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी टेबलावर हात मारून म्हणाले, "बरोब्बर. घडीच. तू गळा घडीवर कापतेस ना, अर्धाच आखतेस आणि उलगडलं की पुरा होतो? तस्संच. ही बाजू काढली की ती बाजू तीच. वेगळं काही नाही."

"मग एवढं सोपं?" ती म्हणाली.

"एवढंच सोपं," मी म्हणाले.

हे माझे शब्द. दुसऱ्या कोणाचे नाहीत.

परीक्षा झाली. ताई बाहेर आली ती हसतच. "गळा आला होता," म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. यंदा मीही तपासनीस होते, दोनशे दहा पेपरांचा गठ्ठा घरी येऊन पडला होता, दुसऱ्या केंद्राचा अर्थात. शाळा सांभाळून नऊ दिवसांत तो संपवायचा होता. मी तो आठ दिवसांत संपवला.

मेमध्ये निकाल लागला. बीजगणित तेहतीस.

ताई कामावर गेली. मी मात्र त्याच दिवशी उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा अर्ज भरला, कारण दोन मार्कांनी नापास हे माझ्या गळ्याखाली उतरेना. मी तिच्या सगळ्या पायऱ्या ओळखत होते. फोटोकॉपी हातात आली आणि मी उभ्या उभ्या पानं चाळली. समीकरणं स्वच्छ, दोन्हीकडून सहा, दोन्हीकडून भागिले तीन. रेषांचे आलेख बिंदूंतून गेलेले. दोन गणितं मुळातच सुटली नव्हती, ते मान्य. आणि शेवटच्या पानावर तो चार मार्कांचा आलेख.

तक्त्यात चार रकाने होते. शून्य, एक, दोन, तीन. चार बिंदू, टोकदार. शून्य-उणे चारपासून तीन-पाचपर्यंत एक सुंदर वळण, उजव्या बाजूला फक्त. डावी बाजू कोरी. आणि उभ्या अक्षाला लागून, वरून खाली, तिच्या बारीक अक्षरात एकच शब्द, घडी.

त्यावर लाल पेनाने आडवी रेघ आणि बाजूला शून्य.

संध्याकाळी मी कागद तिच्यासमोर धरला. "अर्धाच का काढलास?"

ती खरोखर गोंधळली. "म्हणजे? घडी लिहिलंय की. आमच्याकडे अर्धा काढून घडी लिहिली म्हणजे पुरा झाला. पुरा काढतं ते शिकाऊ. तूच म्हणालीस ना, ती बाजू तीच?"

मी तिच्यावर ओरडू शकले नाही. तेवढी अक्कल मला होती. पण ओरडायला कोणीतरी लागतंच, म्हणून मी त्या लाल पेनवाल्याला शिव्या घातल्या. आंधळा आहे का तो? तक्ता बरोबर, बिंदू बरोबर, वळण बरोबर, आणि शून्य? तपासनिसांना दिलेल्या सूचनांत स्वच्छ लिहिलेलं असतं, तक्त्याला एक, अक्ष आणि प्रमाणाला एक, बिंदूंना एक, वक्राला एक. वक्राचा कापा. अक्षावर प्रमाण लिहिलं नव्हतं, तोही कापा. तरी दोन उरतात, आणि तिला हवे होते दोनच. एक तारखेला अकरा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ताईने अर्धी रजा टाकली आणि आम्ही परीक्षा विभागाच्या ऑफिसात गेलो. तिसऱ्या मजल्यावर लांब खोली, भिंतीला लागून छतापर्यंत गठ्ठे, सुतळीने बांधलेले. फेरतपासणीचे अधिकारी माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी खुर्च्या दिल्या, ऐकून घेतलं, कागद बघितला.

"हे घडी काय आहे?" त्यांनी विचारलं.

ताईने त्यांच्या टेबलावरची टाचणी उचलली, फोटोकॉपी उभ्या अक्षावर घडी घालून नखाने दाबली, चारही बिंदूंवर टाचणी टोचली आणि कागद उलगडला. डाव्या बाजूला भोकं पडली होती. उणे एक, उणे दोन, उणे तीन. रेघ न मारताही गळा पुरा दिसत होता.

अधिकारी दोन क्षण बघत राहिले. "छान आहे," म्हणाले. "खरंच छान आहे. पण बाई, प्रश्नात आलेख काढा म्हटलंय. हा अर्धा आहे."

"पायरीला मार्क असतात," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "सूचनांचं तिसरं पान काढा. तक्त्याला एक आहे की नाही? बिंदूंना एक आहे की नाही? ज्याने हे तपासलं त्याने वाचलंच नाही. अर्धी आकृती दिसली, मारली रेघ, पुढचा पेपर. माणसाच्या दोन वर्षांवर लाल रेघ मारताना अर्धा मिनिट थांबता येत नाही? अशा माणसाला पेपर देता तुम्ही?"

ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुमच्या बहिणीला दिले तर सगळ्यांना द्यावे लागतील. अर्ध्या आलेखाला शून्य, असंच चालत आलंय. तुम्हीही यंदा तपासनीस होता ना? यादीत नाव बघितलंय मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं, खोचकपणे नाही, खरंच विचारल्यासारखं. "तुम्ही किती दिलेत?"

ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला खात्री होती. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की आता माझी बहीण सांगेल दोन, किंवा तीन, आणि या माणसाचं तोंड बंद होईल.

मला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. दोनशे दहा पेपर, कोणाला आठवतात? पण हात आठवत होता. शेवटचं पान उलटायचं, आकृती पुरी नाही, आडवी रेघ, शून्य, पेपर डाव्या गठ्ठ्यावर. एकदा नाही, बऱ्याचदा. कोणी डावी बाजू काढलीच नव्हती, कोणाचा वेळ संपला असेल, कोणाला उणेचा वर्ग जमला नसेल. तक्ता वाचलाच नव्हता मी. आठ दिवसांत संपवला म्हणून स्वतःवर खूश होते.

"शून्य," मी म्हणाले.

ताईने टाचणी परत त्यांच्या डबीत ठेवली.

"मग कसं करायचं, बाई?" अधिकारी म्हणाले.

तेव्हा मला आला तसा राग आजपर्यंत कधी आला नव्हता, आणि तो त्या माणसावर नव्हता. मी म्हणाले, "माझा गठ्ठा काढा. ते शून्य चुकीचं होतं. हिचंही चुकीचं आणि मी दिलेलं प्रत्येक चुकीचं. मी लिहून देते. सूचना वाचून दोन्ही गठ्ठे पुन्हा तपासा."

"तुमचं नाव यादीतून जाईल. शाळेला पत्र जाईल."

"कागद द्या," मी म्हणाले.

मी तिथेच बसून लिहून दिलं. सही करताना पेन कागदात घुसलं. जिना उतरताना ताईने माझा दंड धरला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. घराच्या वळणावर म्हणाली, "जेवून जा."

एकोणतीस मेला तिचं पत्र आलं. बीजगणित पस्तीस, उत्तीर्ण. तीस तारखेला तिने ते फाईलसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, फाईलला लावलं आणि अभिनंदन म्हणाले. टेबल तिचं राहिलं. त्या पोरीला तर ताईपेक्षा जास्त आनंद झाला, कारण त्याच दिवशी झग्यांचा मोठा गठ्ठा आला होता आणि मुंढे आखायचे होते.

माझं पत्र जूनच्या आठ तारखेला आलं. ते घेऊन मी संध्याकाळी ताईकडे गेले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्यापुढे ठेवलं. माझ्या गठ्ठ्यात अर्धे आलेख सतरा निघाले होते. सतरा जणांचे मार्क वाढले. त्यातले तीन नापासचे पास झाले. तपासनिसांच्या यादीतून माझं नाव कायमचं काढलं होतं, ते दोन ओळींत खाली होतं.

ताईने खालच्या दोन ओळींकडे बघितलंही नाही. तीन या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही तिघं कोण?"

"नावं नसतात गं. क्रमांक असतात."

"कळलं असेल का त्यांना?"

"शाळेत पत्र जातं. शाळा सांगते." मग मीच म्हणाले, "सुट्टी आहे. कधी सांगतील काय माहीत."

बोट तसंच ठेवून ती म्हणाली, "निकाल लागल्यापासून मला वाटत होतं की आपल्याला येतच नाही. येत असूनही. फोटोकॉपी बघेपर्यंत. त्यांनी तर फोटोकॉपी मागवली नसेल." आणि जरा थांबून, "त्यातल्या कोणी काम धरलं असेल तर ती परत यायची नाही. मी सांगते तुला. एकदा काम धरलं की परत येणं होत नाही."

मी वाद घालणार होते, सवयच ती. पण ती कोणाबद्दल बोलत होती ते मला कळत होतं. भावोजींनी पेपर खाली ठेवला होता. मला स्वतःचा संताप आला, आणि ताईने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर गेले आणि तिघांच्या शाळांची नावं मागितली. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, ती देता येत नाहीत, नियम आहे. मी म्हणाले, मला मार्क बदलायचे नाहीत, फक्त त्यांच्या घरी जाऊन सांगायचंय की चूक त्यांची नव्हती. तो म्हणाला, बाई, तरीही नाही. मी खिडकीसमोरच्या बाकावर बसले. संध्याकाळी त्याने खिडकी बंद केली तेव्हा मी त्याला सांगितलं की उद्याही येणार आहे.